वाहन-सल्ला : पिकअपचा पिवळा दिवा विझत का नाही?

पावसाळा संपला की या सदराकडे ब्रेकविषयीची पत्रे वाढतात. यंदा त्यांतली बरीचशी पिकअपच्या मालकांची आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न डॅशबोर्डवरच्या एकाच दिव्याभोवती फिरतो, तो म्हणजे एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातला तपासणीचा क्रम पुढच्या पत्रांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न : माझी मासळी वाहतुकीची पिकअप आहे. मिरकरवाड्याहून आंबा घाटमार्गे कोल्हापूरला आठवड्यातून चार फेऱ्या होतात. दोन महिन्यांपासून गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या दहा-बारा फुटांत, ब्रेकचे पेडल पायाखाली खडखडते आणि कोणी ब्रेक सोडावा तशी गाडी पुढे सरकते. रस्ता कोरडा असतो, ब्रेकही हळूच दाबलेला असतो. मग एबीएसचा दिवा लागतो. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केल्यावर तो विझलेला असतो आणि थोडे अंतर गेल्यावर कधी पुन्हा लागतो, कधी नाही. गॅरेजमध्ये स्कॅनरवर मागच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचा कोड आला, म्हणून सेन्सर बदलला. पंधरा दिवसांनी तोच कोड परत आला. आता एबीएसचे संपूर्ण मॉड्यूल बदलावे लागेल असे सांगतात आणि त्याची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी आहे. काय करावे?
(एक मासळी वाहतूकदार, रत्नागिरी)

उत्तर : मॉड्यूल, म्हणजे एबीएस चालवणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू, आत्ता बदलू नका. दोष कोठे असावा हे तुमच्या पत्रातच बहुतांशी आलेले आहे आणि तो मॉड्यूलपासून बराच दूर, मागच्या चाकापाशी आहे असे मला वाटते.

एबीएसचे काम थोडक्यात असे चालते. प्रत्येक चाकापाशी एक दातेरी कडे चाकाबरोबर फिरते आणि त्याच्यासमोर, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर अंतरावर, सेन्सर बसवलेला असतो. दात समोरून गेले की सेन्सरमध्ये विजेचे ठोके उमटतात आणि ते मोजून मॉड्यूल प्रत्येक चाकाचा वेग ठरवते. इतर चाके फिरत असताना एका चाकाचा वेग एकाएकी शून्याकडे गेला, तर ते चाक जाम होऊन घसरू लागले असे मॉड्यूल समजते आणि त्या चाकाच्या ब्रेक ऑइलचा दाब सेकंदातून अनेक वेळा सोडते व पुन्हा भरते. पायाखालची खडखड ती हीच. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर ती आली तर ती यंत्रणा नीट असल्याची खूण आहे, पण कोरड्या रस्त्यावर हलक्या ब्रेकला आली तर मॉड्यूलला चाकाविषयी खोटी बातमी मिळते आहे.

ही खोटी बातमी नेमकी शेवटच्या दहा-बारा फुटांतच का मिळते, यात या दोषाचे सगळे मर्म आहे. चुंबक आणि तारेची गुंडाळी असलेल्या जुन्या पद्धतीच्या सेन्सरमधून निघणारा व्होल्टेज दोन गोष्टींवर अवलंबून असतो, चाकाच्या वेगावर आणि सेन्सर व कडे यांच्यातील फटीवर. फट वाढली तरी वेगात असताना पुरेसा व्होल्टेज निघतो आणि सारे सुरळीत दिसते. वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटरवर उतरला की फट वाढलेल्या चाकाचा संकेत इतरांच्या आधी मरतो. तीन चाके फिरत आहेत आणि चौथे थांबले, असे मॉड्यूलला दिसते. म्हणून ते त्या चाकाचा दाब सोडते आणि काही गाड्यांत मागच्या दोन्ही चाकांचा एकदम सोडते. मिळालेल्या माहितीवर मॉड्यूलने केलेले काम अगदी बरोबर असते, माहिती तेवढी चुकीची असते. म्हणून या लक्षणावर मॉड्यूल बदलणे मला मुळीच पटत नाही.

आता फट का वाढली असावी ते पाहू. तुम्ही मासळी वाहता. बर्फ वितळून, मासळीचे खारे पाणी मिसळून हौद्याच्या मागच्या कडेने आणि तळाच्या भोकांतून दिवसभर ठिबकत असते, आणि ते नेमके मागच्या ॲक्सलवर आणि ड्रमच्या मागच्या पत्र्यावर पडते. हर्णैच्या एका पिकअपचे मागचे चाक मी गेल्या वर्षी उघडले होते. सेन्सरचा छोटा बोल्ट सुटला, पण सेन्सर भोकातून निघेना. आत भेदक तेल सोडून, सुमारे तासभराने हलके हलके पिळत तो काढला, तेव्हा त्याच्या बैठकीवर गंजाचे थरावर थर बसलेले होते. नखाने खरवडल्यावर ते खपल्यांसारखे सुटत होते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे या थरांनी सेन्सरला खालून उचलून धरले होते. कानशीने बैठक चकचकीत केली, तोच जुना सेन्सर परत बसवला आणि गाडीचा दोष गेला. तुमच्या गाडीत नवा सेन्सर जुन्या गंजावरच बसवला गेला असेल, तर पंधरा दिवसांत कोड परत येण्याचे कारण तेवढेच आहे.

अर्थात हा अंदाज आहे. तो तपासून घ्यायला हवा. पुढचा क्रम तुमच्या मेकॅनिकला वाचून दाखवा.

आधी दिवा केव्हा लागतो ते नीट पाहा. चावी फिरवताच एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो, ती यंत्रणेची स्वतःची तपासणी असते आणि तीत मुख्यतः वायरी जोडलेल्या आहेत की तुटल्या, एवढेच कळते. सेन्सरचा संकेत खरा की खोटा हे गाडी चालू लागल्यावरच समजते. चावी फिरवल्यापासून दिवा विझतच नसेल, तर तुटलेली वायर, फ्यूज, वीजपुरवठा अथवा मॉड्यूल यांचा संशय घ्यावा. विझून गाडी चालल्यावर पुन्हा लागत असेल, तर कडे, फट, बेअरिंग, टायर यांच्याकडे वळावे. तुमचा दिवा दुसऱ्या प्रकारचा आहे.

त्यानंतर स्कॅनरवर कोड वाचून थांबू नये. मागच्या उजव्या सेन्सरचा कोड म्हणजे मागचा उजवा सेन्सर खराब, असे होत नाही. त्या चाकाकडून येणारी माहिती पटण्याजोगी नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. स्कॅनरवर चारही चाकांचा चालू वेग एकाच वेळी पाहता येतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी ताशी तीस किलोमीटरने न्यावी, मग ॲक्सिलरेटर सोडून ती आपोआप मंद होऊ द्यावी आणि शेजारी बसलेल्या माणसाने आकडे पाहावेत. चारही आकडे जवळजवळ एकत्र उतरायला हवेत. एक आकडा इतरांच्या आधी एकदम शून्य झाला, तर फट वाढलेली आहे किंवा कडे कमजोर आहे. आकडा मधूनच दचकल्यासारखा उडत असेल, तर कड्याला तडा गेलेला असू शकतो. खड्ड्यात चाक आदळल्यावरच तो जात असेल, तर वायर आतून तुटलेली असण्याचा संभव अधिक.

मग गाडीखाली जावे. समोरच्या चाकांना ओट लावून, मागची दोन्ही चाके उचलून ॲक्सल घोडीवर भक्कम टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. सेन्सरची वायर चेसिसपासून ॲक्सलपर्यंत बोटांनी चाचपत जावे. ती पाट्यांच्या यू-बोल्टला घासते का, क्लिप तुटून लोंबते का, कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडणीत, हिरवट बुरशीसारखा थर आला आहे का, ते पाहावे. खाऱ्या पाण्याच्या गाडीत तांब्याला हिरवा थर वरच्या आवरणाला धक्का न लागताही आत शिरतो आणि वायर बाहेरून नवीकोरी दिसते, म्हणून ती हलक्या हाताने ओढून पाहावी. आतले तांबे कुजले असेल तिथे ती रबरासारखी ताणली जाते.

गुंडाळीच्या सेन्सरचा रोध मल्टिमीटरवर साधारणपणे ८०० ते २५०० ओहमच्या दरम्यान येतो. गाडीगणिक तो बदलतो, म्हणून डाव्या बाजूच्या चांगल्या सेन्सरशी ताडून पाहणे हा सोपा उपाय. पुढे मीटर एसी व्होल्टेजवर ठेवून चाक हाताने सेकंदाला सुमारे एक फेरा या गतीने फिरवावे. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सुटलेला असावा. एक मागचे चाक फिरवले की डिफरन्शियलमुळे दुसरे उलटे फिरू शकते, त्याने दचकू नये. दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर लिहावेत. उजवीकडे डावीच्या निम्माही व्होल्टेज येत नसेल, तर सेन्सर बाहेर काढून बैठक साफ करण्याची वेळ आली. ती साफ करताना सेन्सरच्या भोकातून कड्याचे दात टॉर्चने पाहता येतात. चाक हळूहळू फिरवत पूर्ण फेरा पाहावा. कड्याखाली गंज फुगला की कडे एका जागी तडकते आणि तिथे दोन दातांमधील अंतर इतरांपेक्षा जास्त दिसते. तसे असेल तर साफसफाईने भागणार नाही, कडेच बदलावे लागेल.

तुमच्या गाडीत नव्या पद्धतीचा, म्हणजे मॉड्यूलकडून वीज घेऊन काम करणारा सेन्सर असेल, तर मात्र ओहम मोजण्याची पद्धत लागू पडत नाही आणि मीटरमुळे तो खराब होण्याचीही भीती असते. तेथे कपलरवर वीज पोहोचते का हे पाहावे आणि बाकी भरवसा स्कॅनरवरच्या वेगावर ठेवावा. कोणत्या पद्धतीचा सेन्सर आहे हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते.

बेअरिंग विसरू नका. चाक वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून हलवावे. खडखड जाणवली, तर वळणावर चाक किंचित कलते आणि फट कमी-जास्त होते. अशा गाडीत सेन्सर कितीही बदलले तरी कोड येतच राहतो.

एवढे सारे निर्दोष निघाले, तरच मॉड्यूलकडे वळावे आणि तेव्हाही सरळ नवे आणू नये. मॉड्यूलच्या कपलरपाशी त्याच सेन्सरचे रोध आणि व्होल्टेज मोजावेत. चाकापाशी बरोबर आणि मॉड्यूलपाशी चुकीचे, तर दोष मधल्या वायरीत आहे. दोन्हीकडे बरोबर, मॉड्यूलचा वीजपुरवठा आणि अर्थिंग चोख, आणि तरीही स्कॅनरवर वेग दिसत नाही, असे झाले तरच मॉड्यूल दोषी. तुमच्या गॅरेजने यातली कोणती मोजमापे घेतली ते त्यांना आदराने विचारा. मोजमापे लिहून देता येत नसतील, तर तो निष्कर्ष नव्हे, अंदाज आहे, आणि अंदाजासाठी दोन महिन्यांची कमाई देऊ नये.

दुरुस्ती झाल्यावर बैठकीवर गंजरोधक ग्रीसचा पातळ थर द्यावा, पण सेन्सरच्या टोकाला ग्रीस लावू नये. हौद्यातले पाणी ॲक्सलवर न पडता गाडीच्या मध्यभागी, चाकांपासून दूर पडेल अशी एक रबरी नळी तळाच्या भोकाला बसवून घ्या, आणि मासळी उतरवल्यावर मागची चाके आतल्या बाजूने गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर पंपाची तोटी कपलरवर जवळून धरू नका. तोपर्यंत आंबा घाट उतरताना पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. शेवटच्या फुटांत ब्रेक सुटणारी भरलेली पिकअप उताराच्या रांगेत समोरच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाऊ शकते. दुरुस्ती लांबवू नये असे मी म्हणतो ते यासाठी.

प्रश्न : कांदा आणि द्राक्षाच्या वाहतुकीसाठी पिकअपच्या हौद्यावर लोखंडी जाळीचा पिंजरा वेल्डिंग करून घेतला. गाडी घरी आणताना एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल असे दोन्ही दिवे लागले, ते आजपर्यंत विझलेले नाहीत. ब्रेक लागतो. हँडब्रेक सोडलेला आहे, ब्रेक ऑइलही पूर्ण आहे. स्कॅनर एबीएसशी जोडलाच जात नाही. गाडी चालवावी का?
(एक शेतकरी, निफाड)

उत्तर : माल भरून चालवू नका, असे स्पष्ट सांगतो. केवळ पिवळा दिवा असता तर साधा ब्रेक शाबूत आहे, फक्त चाक जाम होण्यापासूनचे संरक्षण गेले, असे म्हणता आले असते. ऑइल पूर्ण आणि हँडब्रेक सुटलेला असताना लाल दिवाही बरोबर लागतो, तेव्हा अनेक गाड्यांत त्याचा अर्थ पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी ही सोयही बंद पडली असा असतो. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. पिकअप रिकामी असेल तर ती फारच हलकी होतात. त्यांना जास्त दाब मिळाला तर ती आधी जाम होतात आणि गाडीची शेपटी फिरते. याच कारणाने अमेरिकेत फोर्डने १९८७ साली आपल्या एफ मालिकेच्या पिकअपना केवळ मागच्या चाकांसाठीचे एबीएस दिले होते.

तुमच्या गाडीचे काय झाले असावे, ते वेल्डिंगच्या वेळी अर्थचा चिमटा कोठे लावला होता यावर ठरेल. आर्क वेल्डिंगमध्ये शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि तो परतीची सोयीची वाट शोधतो. चिमटा पिंजऱ्यालाच, वेल्डच्या जवळ लावला असेल तर तो तिथल्या तिथे परततो. चिमटा चेसिसच्या दुसऱ्या टोकाला किंवा चाकाच्या नटाला लावला असेल, तर प्रवाह चेसिसच्या अर्थिंगमधून, प्रसंगी बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि बॅटरी जोडलेली असेल तर मॉड्यूललाही तडाखा बसतो.

तरीही आधी फ्यूज पाहा. एबीएसला एकाहून अधिक फ्यूज असतात. पंपाच्या मोटरचा मोठा, बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचा, इंजिनजवळच्या पेटीत असतो आणि मॉड्यूलचा लहान फ्यूज वेगळा असतो. फ्यूज डोळ्यांनी न पाहता मीटरने तपासावा. त्यानंतर मॉड्यूलची अर्थिंग. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरे मॉड्यूलच्या अर्थ वायरीला लावून, चावी चालू ठेवून पाहिल्यास ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा येता कामा नये. पिंजऱ्याचे पाय बसवताना अर्थचा बोल्ट काढून रंगावर परत आवळला गेल्याचे मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिले आहे, आणि तसे असेल तर सॅंडपेपर व पाना एवढ्यावर काम होईल. स्कॅनर जोडलाच जात नाही याचे एक कारण संदेशवहनाच्या दोन वायरींतही असू शकते. बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमध्ये त्या दोन वायरींमधला रोध मोजला, तर तो साधारण ६० ओहम यायला हवा. तो १२० आला तर कोठेतरी ती जोडी तुटली आहे, आणि शून्याजवळ आला तर वेल्डिंगच्या ठिणगीने आवरण जळून वायरी एकमेकींना चिकटल्या असाव्यात. पिंजऱ्याचे पाय जिथे चेसिसला मिळतात, तिथली वायरिंग आधी पाहा.

हे सारे ठीक निघाले तर मात्र मॉड्यूल जळले आहे असे मानावे लागेल. ते बदलताना नव्या मॉड्यूलला गाडीची ओळख स्कॅनरने द्यावी लागते, आणि पाइप उघडले गेले असतील तर आत अडकलेली हवा काढण्यासाठीही अनेक गाड्यांत स्कॅनर लागतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नका. पुढे कधी वेल्डिंग करायचे झाल्यास बॅटरीची दोन्ही टोके सोडवावीत, एबीएस व इंजिनच्या मॉड्यूलचे कपलर काढावेत आणि अर्थचा चिमटा वेल्डपासून हातभर अंतराच्या आत लावावा. शक्य असेल तिथे पिंजरा नटबोल्टनेच बसवावा.

प्रश्न : मागच्या दोन टायरांच्या जागी २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ मापाचे टायर टाकले. तेव्हापासून महामार्गावर गेल्यावर एबीएसचा दिवा लागतो. सेन्सर तपासले, ते चांगले आहेत.
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : सेन्सर चांगले आहेत आणि तुमचे निदानही तुमच्या प्रश्नातच आहे. पहिल्या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर, दुसऱ्याचा सुमारे ७३४. म्हणजे मागचे टायर पुढच्यांपेक्षा चार टक्क्यांहून अधिक मोठे आहेत. मागची चाके ताशी ६० ने फिरतात असे मॉड्यूल मोजते तेव्हा पुढची साडेबासष्टने फिरताना दिसतात. सरळ रस्त्यावर इतका फरक सतत राहिला की मॉड्यूल ते खरे मानत नाही आणि स्वतःला बंद करून दिवा लावते. किती फरक चालवून घ्यायचा हे प्रत्येक निर्माता ठरवतो. चारही टायर कंपनीने सांगितलेल्या एकाच मापाचे ठेवा. एका धुऱ्यावर अगदी नवे आणि दुसऱ्यावर पार गुळगुळीत झालेले टायर असले तरी असाच त्रास होऊ शकतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही जादा पाटा टाकल्याचे लिहिले आहे. तुमच्या गाडीत मागच्या ॲक्सलला सळईने जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व असेल, तर पाटा वाढल्यामुळे हौदा वर राहतो आणि गाडी भरलेली असूनही तो व्हॉल्व ती रिकामीच समजतो. मग मागचा ब्रेक कमी लागतो आणि सगळा भार पुढच्या पॅडवर येतो. त्या सळईचे माप पुन्हा जुळवून घ्या. याचा दिवा कधीच लागत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे २००१ सालची शेव्हरले सिल्व्हराडो आहे. घराच्या दारात गाडी थांबवताना एबीएस विनाकारण चालू होते. एका मित्राने एबीएसचा फ्यूज काढून टाकण्याचा सल्ला दिला. तसे करावे का?
(एक मराठी वाचक, अमेरिका)

उत्तर : तुमचे पत्र आणि रत्नागिरीचे पत्र शेजारी ठेवले तर दोन्ही गाड्यांचे दुखणे एकच वाटते, फक्त मीठ वेगळे. तिकडे मासळीच्या पाण्याचे, तुमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकतात ते. या पिढीच्या गाड्यांत हा दोष इतका पसरला होता की जनरल मोटर्सने २००५ साली १९९९ ते २००२ च्या दरम्यानच्या सुमारे ८ लाख पिकअप आणि त्याच बांधणीच्या एसयूव्ही, रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत तपासणीसाठी परत बोलावल्या. पुढच्या हबवर सेन्सर जिथे बसतो, तिथे गंज साचून सेन्सर वर उचलला जात होता आणि मंद वेगात एबीएस उगाच चालू होऊन थांबण्याचे अंतर वाढत होते. उपाय म्हणून बैठक साफ करून तिला गंजरोधक लेप देणे आणि मोजमापात न बसणारा सेन्सर बदलणे, असे काम ठरवले गेले.

तुमच्या गाडीचा चेसिस नंबर अमेरिकी सरकारच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या यादीत टाकून पाहा. पूर्वीच्या मालकाने ते काम करून घेतले असेल, तरी वीसहून अधिक हिवाळ्यांनंतर गंज पुन्हा साचणारच. कोड सी००३५ असेल तर डावे पुढचे चाक आणि सी००४० असेल तर उजवे. स्वस्तातले स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. ‘सी’चे कोड वाचणारा स्कॅनर लागेल. सेन्सर काढून हबचा तो भाग शुद्ध धातू दिसेपर्यंत घासा, भोकात पडलेला गंजाचा चुरा फुंकून किंवा ओढून काढा, कारण तो आत राहिला तर सेन्सरच्या चुंबकाला चिकटतो. हबच्या बेअरिंगला खेळ असेल तर पूर्ण हब बदलावा.

फ्यूज काढू नका. त्याने खडखड बंद होईल हे खरे, पण तुमच्या गाडीत मागच्या चाकांना जाणारा दाब आवरण्याचे कामही हीच यंत्रणा करते. रिकाम्या हौद्याची पिकअप, बर्फाळ रस्ता आणि मागची चाके आधी जाम, हा प्रसंग तुमच्यावर येऊ नये. शिवाय गाडीत घरची माणसे बसतात. दोन तासांच्या साफसफाईचे काम टाळण्यासाठी एवढा धोका पत्करू नका.

प्रश्न : माझ्या जुन्या पिकअपला एबीएस नव्हते, नव्या गाडीला आहे. चालक तीस वर्षांचा अनुभवी आहे. आंबोली घाटात पावसात गाडी घसरली की तो सवयीने ब्रेक थोडा थोडा, पुन्हा पुन्हा दाबतो. त्याने एबीएसला काही होते का?
(एक मालक, सावंतवाडी)

उत्तर : यंत्रणेला काही होत नाही, पण तिचा उपयोग होत नाही. चाक जाम होऊ नये म्हणून पेडल सोडून पुन्हा दाबण्याची ती सवय जुन्या गाडीत अगदी योग्य होती आणि तुमच्या चालकाने तिच्या बळावर अनेक पावसाळे निभावले असतील. एबीएस हेच काम प्रत्येक चाकासाठी स्वतंत्रपणे आणि पायाला कधीच जमणार नाही इतक्या वेगाने करते. त्यासाठी पेडल पूर्ण दाबून तसेच धरून ठेवावे लागते. पाय उचलला की दाबच जातो.

दोन गोष्टी मात्र त्याला सांगायला हव्यात. सुट्या खडीवर किंवा जांभ्याच्या भुग्यावर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते, कारण जाम झालेले चाक आपल्यापुढे खडीचा ढीग जमवून थांबते आणि फिरते चाक तो जमू देत नाही. एबीएसमुळे तिथेही स्टिअरिंग हातात राहते, पण अंतर आधीपासून ठेवावे लागते. दुसरी गोष्ट, एबीएस ब्रेकला थंड ठेवत नाही. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच असली पाहिजे, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलले पाहिजे. ते हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळले की वाफ होते आणि पेडल तळाला जाते. तिथे एबीएस काहीही करू शकत नाही.

हे सांगून भागणार नाही, त्याच्या पायाला ते कळले पाहिजे. पहिला पाऊस पडल्यावर एखादे मोकळे, सपाट, ओले मैदान किंवा गवताळ जागा पाहा, आजूबाजूला माणूस-जनावर नाही याची खात्री करा, गाडी रिकामी ठेवा आणि त्याला ताशी तीस किलोमीटरने येऊन पेडल एकदम, पूर्ण दाबून धरायला सांगा. पायाखाली खडखड सुरू होताच सवयीने तो पाय उचलेल. शेजारी बसून त्याला धीर द्या, पाय तसाच ठेवून स्टिअरिंग किंचित वळवायला लावा, आणि ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळते हे त्याला स्वतः पाहू द्या. चार-पाच वेळा केले की खडखडीची भीती जाते.